एकाच्या पापासाठी दुसऱ्याने मरायचं, हा न्याय कुठला?

शंकासुर

मी ख्रिस्ती नाही. धर्म बदलायच्या विचारात तर अजिबात नाही, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी बाह्या सरसावू नयेत.

सध्या बायबलमधला नवा करार निवांत वाचतोय. येशू माणूस म्हणून फार आवडला. गेथशेमाने बागेतला प्रसंग दोनतीनदा वाचला. उद्या मरायचंय हे कळलेला माणूस घाबरतो, 'हा प्याला टळू दे' म्हणतो, आणि ज्या तीन शिष्यांना 'जागे राहा' म्हणून विनवलं ते खुशाल झोपा काढतात. ज्याला देव मानायचं त्याला इतकं एकटं पडलेलं दाखवायला लिहिणाऱ्याची छाती लागते.

पण पुढे गाडी अडते. तो आपल्या पापांसाठी मेला म्हणून आपलं तारण झालं, म्हणजे पापातून सुटका झाली, हे कसं काय? गुन्हा माझा, शिक्षा त्याला, सुटलो मी. असा निकाल कुठल्या कोर्टात लागला तर आपण न्यायाधीशाला घरी बसवू. आणि देवाला माफच करायचं होतं तर करून टाकायचं, रक्त कशाला हवं? त्यानेच सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत वाट्याचा पैसा उडवून परतलेल्या पोराला बाप धावत जाऊन मिठी मारतो. आधी कुणाचा तरी बळी द्या, मग घरात घेतो, असं म्हणत नाही.

जाणकारांनी लिहावं. 'श्रद्धेचा विषय आहे' एवढंच लिहायचं असेल तर तेही लिहा, समाधान होणार नाही इतकंच.

कावळा_उवाच

मिठी मारून झाल्यावर पुष्ट वासरू कापलंय त्या गोष्टीत. वासराचं मत कुणीच विचारलेलं नाही. :)

अर्धविराम

वाखुसा (वाचनखूण साठवली). मारामारी सुरू व्हायच्या आत वाचून घेते.

जैतून

शंकासुर, मी जन्माने ख्रिस्ती. लहानपणापासून हे प्रवचन ऐकत आले: न्यायाधीश आरोपीला दंड ठोठावतो, मग खुर्चीवरून उतरून स्वतःच्या खिशातून भरतो. लहानपणी डोळ्यांत पाणी यायचं. मोठी झाल्यावर मलाही तुमचाच प्रश्न पडला.

तुमचा आक्षेप खुद्द शास्त्रातच आहे. जुन्या करारातलं यहेज्केल १८:२० उघडून बघा. जो पाप करील तो मरेल, मुलाने बापाच्या अन्यायाचा भार वाहायचा नाही आणि बापाने मुलाच्या. म्हणजे ज्या लोकांनी 'तो आमच्यासाठी मेला' असं लिहिलं, त्यांच्या हातात हे पुस्तक होतं. ते बावळट नव्हते.

आणखी एक. कोर्टाचं चित्र हे अनेकांतलं एक आहे. मार्क १०:४५ मध्ये खंडणी आहे, म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजायचा पैसा. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात मंदिर आणि याजक (पुरोहित) आहे. नव्या करारातली बरीच पत्रं ज्याची, तो पौल कधी कोर्टात असतो, कधी भांडलेल्या दोघांचा समेट सांगतो, कधी रणांगणावर. नायसियाच्या विश्वासांगीकारात (चर्चचा जुना श्रद्धेचा कबुलीमजकूर) 'आम्हां मनुष्यांकरिता व आमच्या तारणाकरिता' एवढंच म्हटलंय. तारण नेमकं कोणत्या यंत्रणेने होतं, हे सर्व मंडळ्यांना (चर्चना) मान्य अशा कुठल्याही जुन्या धर्मसभेने ठरवून दिलेलं नाही.

पडघम

जैतूनताईंना अनुमोदन. थोडा इतिहास, मग गप्प बसतो.

पहिल्या काही शतकांत खंडणीचं चित्र जोरात होतं. मग प्रश्न आला, खंडणी दिली कुणाला? ऑरिजेन या जुन्या ख्रिस्ती पंडिताच्या मते सैतानाला, कारण माणूस त्याच्या ताब्यात. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने त्यावर कडी केली: येशूचं मनुष्यपण हे आमिष, आत देवपणाचा गळ, सैतान माशासारखा लागला. त्याच काळातला दुसरा ग्रेगरी, नाझियान्झसचा, वैतागला. लुटारूला कसली खंडणी देता, म्हणे. आणि पित्याला दिली म्हणावं तर आपण पित्याच्या कैदेत कधी होतो?

मग अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म हा धर्मपंडित. त्याने सैतानाला बाजूला काढलं. देवाचा मान राखणं हे माणसाचं देणं, ते चुकलं, आणि ते फेडायची माणसाची ऐपत नाही. म्हणून जो माणूसही आहे आणि देवही आहे त्यानेच फेडायचं. सरंजामशाहीत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटलं असणार. त्याच्या पुढच्या पिढीतल्या अबेलारने भर दिला तो प्रेमावर: इतकं प्रेम बघून माणूस आतून पालटतो. तुमचं शिक्षेचं कोर्ट ठाशीवपणे येतं सोळाव्या शतकात, कॅल्विनसारख्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांकडे. कॅल्विन कायदा शिकलेला होता.

कावळा_उवाच

म्हणजे ज्याचा जो धंदा त्याप्रमाणे देव. सॉफ्टवेअरवाल्यांचा सिद्धांत अजून यायचाय.

वकीलसाहेब

आमचा धंदा निघालाच आहे तर बोलतो. धागाकर्त्याने दोन गोष्टींची गल्लत केली आहे. माझं देणं माझ्या भावाने फेडलं तर सावकार नाही म्हणत नाही. दंडाची रक्कम कुणाच्या खिशातून आली हेही कोर्ट विचारत बसत नाही. पण माझी कैद माझा भाऊ भोगू शकत नाही. तेव्हा पाप म्हणजे देणं असेल तर येशूने फेडण्यात गैर काहीच नाही. पाप म्हणजे गुन्हा असेल तर शंकासुर बरोबर. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तयाकडे 'ऋण' आहे आणि लूककडे 'पापे'. घ्या.

शंकासुर

वकीलसाहेब, मुद्दा आवडला. पण सावकार स्वतः देव, फेडणाराही देव. स्वतःच्या या खिशातून त्या खिशात. नाटक कशाला?

शुक्रतारा

नाटक नाही हो. तुम्ही 'नुसतं माफ करायचं' म्हणता ना, तसं कधी कुणाला केलंय का, ते आठवून बघा. माझ्या थोरल्या दिरांनी आमचे पैसे बुडवले. मोठी रक्कम होती. शेवटी आम्ही सोडून दिलं. 'सोडून दिलं' म्हणजे काय झालं? ते पैसे हवेत विरले नाहीत. ते आम्ही सोसले. घराचं काम रखडलं, नवऱ्याने जादा पाळ्या केल्या. आणि पैशांपेक्षा जड गेलं ते चारचौघांत त्यांच्याबद्दल वाईट न बोलणं. जीभ अगदी टोकाशी यायची.

म्हणजे माफीत तोटा कुणाला तरी होतोच. गुन्हेगाराला नाही झाला तर माफ करणाऱ्याला होतो. वधस्तंभाकडे (क्रूसाकडे) मी तसं बघते. देवाने तिसऱ्याच कुणा निरपराध्याला धरून मारलं असं नाही, देवाने स्वतः तोटा सोसला. पौल करिंथकरांना लिहितो की देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता. पिता एकीकडे चाबूक घेऊन आणि पुत्र दुसरीकडे मार खात, असं चित्र रंगवणारी प्रवचनं मीही ऐकली आहेत. मला ती चुकीची वाटतात.

अर्धविराम

शुक्रताराताई, __/\__ (दीर परत बोलतात का?)

शुक्रतारा

बोलतात. पैशांचा विषय सोडून सगळं बोलतात.

निवृत्तमास्तर

मुलांनो, एक खरी हकिगत सांगतो. ठाऊक असेल तर पुढे सरका.

जुलै १९४१, ऑश्विट्झ. छावणीतून एक कैदी निसटला. शिक्षा म्हणून दहा जणांना कोठडीत कोंडून उपाशी मारायचं ठरलं. रांगेतून दहा निवडले. त्यांतला एक पोलिश सैनिक, फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक, बायकोमुलांच्या नावाने रडू लागला. तेव्हा रांगेतून एक कैदी पुढे आला. सत्तेचाळीस वर्षांचा, प्रकृतीने तोळामासा. म्हणाला, मी कॅथलिक धर्मगुरू आहे, ह्याच्या जागी मला घ्या. हे मॅक्सिमिलियन कोल्बे. अधिकाऱ्याने अदलाबदल मान्य केली. दोन आठवड्यांनी कोठडीत चारच जण जिवंत होते, कोल्बे त्यांत. १४ ऑगस्टला त्यांना फिनॉलचं इंजेक्शन देऊन मारलं.

गायोव्हनिचेक वाचला. घरी गेला तर बायको भेटली, दोन्ही मुलगे मात्र युद्धात गेलेले. म्हणजे ज्या मुलांसाठी तो रडला ती त्याला मिळालीच नाहीत. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोल्बेंना संत घोषित केलं तेव्हा हा गृहस्थ तिथे हजर होता. १९९५ पर्यंत जगला, नव्वदी ओलांडून, आणि कोल्बेंची गोष्ट सांगत राहिला.

शंकासुर, हा अन्याय की प्रेम?

शंकासुर

मास्तर, प्रेम. निर्विवाद. पण कोल्बेंना मारणारा अधिकारी चांगला होता असं कुणी म्हणत नाही. माझी अडचण त्यागाबद्दल नाहीच, त्याग मागणाऱ्याबद्दल आहे.

कावळा_उवाच

आता चेष्टा बाजूला. मास्तरांच्या गोष्टीत अदलाबदल चालली कशामुळे? त्या अधिकाऱ्याला अमुक माणूस मरायला हवा होता असं नव्हतं, दहा हा आकडा भरायला हवा होता. कैदी म्हणजे नंबर. नऊ अधिक कुणीतरी एक. ज्याला माणसामाणसांत फरक दिसत नाही त्यालाच असली बदली चालते. मग देवाचा हिशेबही तसाच म्हणायचा का? पाप इतकं, रक्त इतकं, कुणाचंही चालेल?

जैतून

कावळेबुवा, हा या धाग्यातला सगळ्यात टोकदार प्रतिसाद आहे.

हा हिशेब शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) आहे, पण तो देवाच्या तोंडी नाही. योहान ११:५० बघा. मुख्य याजक कयफा म्हणतो, सगळं राष्ट्र बुडण्यापेक्षा एका माणसाने मरावं हे सोयीचं. त्यानंतर रोमन सुभेदार पिलात हात धुतो, लोक येशूऐवजी बरब्बा नावाच्या कैद्याला सोडवून घेतात, शिपाई येशूच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकतात. सगळ्यांना एक बळी पुरतो, जो तो आपली सोय बघतो. योहान पुढे म्हणतो की कयफा नकळत खरं बोलून गेला, पण म्हणून कयफाचा हेतू पवित्र ठरत नाही.

म्हणून मला वाटतं, वधस्तंभ उभारला माणसांनी, त्यांच्या नेहमीच्या गणिताने. देव त्या गणिताच्या मागणीच्या बाजूला नव्हता, ज्याला वजा केलं त्याच्या जागी होता. होशेय ६:६ मध्ये देव म्हणतोच, मला यज्ञ नको, दया हवी. येशूने ते वाक्य दोनदा ऐकवलंय, मत्तयात.

ध्रुवपद

असहमत. जैतूनताई, तुम्ही फारच सोपं केलंत. यशया ५३ मध्ये दुःख सोसणाऱ्या सेवकाबद्दल (ख्रिस्ती तो येशूच मानतात) स्पष्ट लिहिलंय की आम्हां सर्वांचं पाप परमेश्वराने त्याच्यावर लादलं. 'परमेश्वराने'. गेथशेमानेमध्ये येशू पिलाताशी बोलत नाही, पित्याशी बोलतो, आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणतो. लेवीय १६ मधले प्रायश्चित्ताच्या दिवसाचे दोन बकरे, एक मारायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडायचं, हेही देवानेच सांगितलेलं. पवित्र देवाला पापाचा राग येतो हे आजच्या माणसाला आवडत नाही म्हणून कात्री लावायची का? ज्याच्यावर खरंच अन्याय झालाय त्याला विचारा, देवाला राग येऊ नये असं वाटतं का.

जैतून

ध्रुवपद, यशयाचं मान्य, ते माझ्याही घशाखाली सहज उतरत नाही. रागाबद्दलही मान्य. पण राग शमवायला देवाला कुणीतरी मारून हवंच होतं, इथवर मी येत नाही. आपलं इथे जमणार नाही, आणि ते चालेल.

मधली_सुट्टी

बराच वेळ लिहू की नको करत होते.

त्यागाचं प्रेम हे शब्द मी दुसऱ्या बाजूने ऐकलेत. नवरा मारायचा. एकदा कानाच्या वर तीन टाके पडले, केस पुढे ओढून उपासनेला गेले. तिथल्या वडीलधाऱ्या माणसाने (नाव घेणार नाही, मंडळीचंही नाही) शांतपणे समजावलं की प्रभूने वधस्तंभ वाहिला, हा तुझा वधस्तंभ आहे, तुझ्या सोसण्याने त्याचं तारण होईल. मी त्यावर विश्वास ठेवला. त्याचं तारण झालं नाही, त्याचा हात सैल झाला. धाकट्या बहिणीने येऊन मला आणि मुलीला अक्षरशः ओढून नेलं.

आता मी परत प्रार्थना करते, पण 'त्याग' शब्द आला की अंगावर काटा येतो. तुम्ही मंडळी फार सुंदर लिहिताय. फक्त हे कुणाच्या हातात पडलं की काय होतं तेही लिहून ठेवावंसं वाटलं.

निवृत्तमास्तर

पोरी, लिहिलंस ते फार बरं केलंस.

शुक्रतारा

मधली_सुट्टी, तुमच्या बहिणीला नमस्कार सांगा.

त्या माणसाने तुम्हाला अर्धंच शास्त्र सांगितलं. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो, माझा प्राण कुणी माझ्याकडून घेत नाही, मी होऊन देतो. स्वतःहून. त्याआधी नासरेथात लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला. मंदिरात धोंडे उचलले तेव्हा लपून बाहेर पडला. मिळेल तो मार खात सुटणं म्हणजे प्रीती, असं त्याच्या वागण्यात कुठेच नाही.

आणि तुमच्या घरात जे चाललं होतं त्यात तुम्ही दिलं काहीच नव्हतं, तुमच्याकडून घेतलं जात होतं.

पडघम

गप्प बसणार होतो, पण हे इथे जुळतं. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संतपदाच्या प्रक्रियेसाठी एक नवा मार्ग खुला केला: प्रेमापोटी दुसऱ्यासाठी जीव अर्पण करणाऱ्यांसाठी. त्यातली पहिलीच अट ही की अर्पण मुक्त आणि स्वेच्छेने केलेलं हवं. त्याआधी कोल्बेंच्या बाबतीत घोळ झाला होता. श्रद्धेच्या द्वेषातून मारलं गेलं तर हुतात्मा, असा नियम. कोल्बे तर दुसऱ्याच्या जागी स्वतःहून गेले. १९७१ मध्ये त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते हुतात्मा म्हणून नाही. १९८२ मध्ये जॉन पॉल यांनी हुतात्मा म्हटलं.

गंमतजंमत

त्यागावरून आठवलं. आमच्या आत्याने आमच्यासाठी लग्न केलं नाही. हे आम्हाला ती दर रविवारी, सणावारी आणि निकालाच्या दिवशी सांगायची. तिच्या त्यागापायी आम्ही सगळे भावंडं आजन्म ऋणी आणि आजन्म वैतागलेले. तर प्रश्न असा की येशूचं प्रेम आत्याच्या प्रेमापेक्षा वेगळं कसं? रविवारी आठवण तर तिथेही करून देतात.

कावळा_उवाच

खिक्! प्रश्न मात्र अस्सल आहे.

ध्रुवपद

अस्सल आहेच. उत्तर रोमकरांस पत्र ५:८ मध्ये: आपण पापी असतानाच तो मेला. म्हणजे आधी सुधारा, मग प्रेम करतो, अशी अट नाही आणि नंतर वसुलीही नाही. आता प्रवचनकार वसुली करतात हे खरं. त्यांना आत्या समजावं.

वकीलसाहेब

वसुलीच नसेल तर माझ्या काही अशिलांची चैन आहे. शनिवारी लबाडी, रविवारी माफी, सोमवारी पुन्हा दुकान चालू.

जैतून

वकीलसाहेब, हे दुखणं जुनं आहे. नाझींना विरोध करणारे आणि एप्रिल १९४५ मध्ये फाशी गेलेले जर्मन पाळक बॉनहोफर ह्याला स्वस्त कृपा म्हणायचे. पश्चात्ताप नको, बदल नको, नुसती माफी घेऊन जा.

जक्कयाची गोष्ट बघा, लूक १९. जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरायला जातो. अट घालत नाही, उपदेशही केलेला दिसत नाही. जक्कय स्वतः उठून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. स्वतःहून कबुली देणाऱ्याला जुन्या नियमशास्त्रात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच होतं, गणना ५:७. हा चौपटीवर गेला. मग येशू म्हणतो, आज ह्या घराला तारण आलं. कॅथलिकांकडेही कबुलीनंतर पापक्षमा मिळाली तरी चोरलेलं परत करायची जबाबदारी सुटत नाही.

वकीलसाहेब

मग येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर? त्याने कुणाला काय परत केलं? 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असा थेट निकाल.

ध्रुवपद

हात खिळलेले होते साहेब त्याचे. जे करता येण्यासारखं होतं ते केलं: आमचं आम्ही भोगतोय, ह्याने काही केलेलं नाही, असं मोठ्याने बोलला.

निवृत्तमास्तर

शंकासुर कुठे गेला? आग लावून पळाला काय?

शंकासुर

इथेच आहे मास्तर, वाचतोय. शुक्रताराताईंचा तोट्याचा मुद्दा पटला. जैतूनताई आणि ध्रुवपद यांच्यात मी ताईंच्या बाजूला, पण यशया ५३ वाचून ध्रुवपद यांना उत्तर देणं सोपं नाही हेही दिसलं. कोर्टाचं चित्र मला आजही पटत नाही.

पण तुम्ही भांडत होता तेव्हा योहानाचे शेवटचे अध्याय पुन्हा काढले, आणि तारण काय ते मला पेत्र या शिष्यामध्ये जास्त कळलं. येशूला पकडल्यावर पेत्र अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा असतो, आणि त्या रात्री तो येशूला तीनदा नाकारतो. पुढे पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशू न्याहारी करतो, तिथेही कोळशाचा विस्तव. नव्या करारात कोळशाचा विस्तव ह्या दोनच ठिकाणी येतो म्हणे. तिथे तो पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा. तिसऱ्यांदा पेत्र दुखावतो. पण 'तू असं का केलंस' हा प्रश्न एकदाही येत नाही. आणि दर उत्तराला काम मिळतं: माझी मेंढरं चार, पाळ. ज्याने दगा दिला त्याच्याच हातात कळप.

हे कोर्टात होत नाही. कोर्ट फार तर सोडून देईल, पुन्हा कामावर घेणार नाही.

आता नवी शंका. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा, त्यानेही पश्चात्ताप केला होता. मत्तय २७: त्यासाठी मिळालेली चांदीची तीस नाणी परत नेऊन दिली, 'मी निर्दोष रक्त धरून दिलं' असं कबूल केलं, याजकांनी 'आम्हाला काय त्याचं' म्हणून झटकून टाकलं, आणि त्याने गळफास घेतला. वकीलसाहेबांच्या निकषावर तर पेत्रापेक्षा यहूदाची फाइल चांगली आहे. त्याने परतफेडही केली. मग तळ्याकाठी त्याच्यासाठी जागा का नाही?

शुक्रतारा

तो तळ्यापर्यंत पोचला नाही. तीन दिवस थांबला असता तर, असं मला दरवेळी वाटतं. तो कबुली द्यायला गेला तो याजकांकडे, ज्यांनी पैसे दिले त्यांच्याकडेच.

ध्रुवपद

येशूने त्याच्याबद्दल 'तो जन्मला नसता तर बरं झालं असतं' असं म्हटलंय, ते विसरू नका.

मधली_सुट्टी

पण पकडायला आला तेव्हा मत्तयात येशू त्याला 'मित्रा' म्हणतो.

कावळा_उवाच

यहूदाचा वेगळा धागा काढा राव. इथे शतक होईल आणि मूळ प्रश्न हरवेल.

शंकासुर

काढतो. वकीलसाहेब, तुम्ही बचाव पक्षाकडून.